काळाचें कुलूप

कुलूप करणारा आणि कुलूप उघडणारा चोर यांच्यामधील झुंज म्हणजेच कुलुपांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि गेल्या शतकाच्या मागच्या शतकाचा पूर्वार्ध पाहिला तर ती चुकीचीही म्हणतां येत नाहीं. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील जोसेफ ब्रामा याच्या दुकानाच्या खिडकींत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलें असे, व जो कोणी तें किल्लीवांचून उघडील त्यास दोनशें गिनी मिळतील अशी पाटी त्याच्याशेजारीं असे. ब्रामा वारला, त्याचे मुलगे धंदा पाहूं लागले, तरी तें बक्षीस कोणी नेलें नाहीं. अखेर १८५१ सालीं जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें लंडनला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें सोळा दिवसांच्या अवधींत एकंदर पन्नासएक तास खपून तें उघडलें. चब्ब यांचें प्रख्यात कुलूप तर त्यानें त्यापूर्वींच पंचवीस मिनिटांत उघडून दाखविलें होतें. इंग्रज लोकांचा केवढा तेजोभंग झाला असेल याची कल्पनाच करावी!

परंतु या सर्व झुंजींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. कुलूप फोडावयाचें तें त्याच्या पोलादाशीं किंवा त्याच्या रचनेशीं झगडूनच फोडलें पाहिजे, असें ब्रामासही वाटे व हॉब्जसही वाटे. ज्याच्या खिशांत किल्ली आहे तो मनुष्य या हिशेबांत कोठेंच नव्हता. त्याला हिशेबांत घेतलें तें जेम्स सार्जंट यानें. सामान्य वाचकाच्या कानांवर हें नांव क्वचितच पडतें. तथापि बँकांच्या तिजोऱ्यांना त्यानें जें वळण लावलें तें ब्रामा व हॉब्ज या दोघांच्याही कामगिरीपेक्षां अधिक मूलगामी होय, असें माझें मत आहे.

सार्जंटचा जन्म १८२४ सालीं अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत झाला. आरंभीं तोही हॉब्जच्याच पठडींतला. त्या सुमारास बँकांतून आंकड्यांचीं कुलुपें प्रचारांत येत होतीं. त्यांना किल्लीच नसे. बाहेरची तबकडी ठराविक आंकड्यांवर क्रमानें फिरविली म्हणजे आंतील चक्रांच्या खांचा एका ओळींत येत व अडसर मोकळा होई. शंभर आंकड्यांची तबकडी आणि तीन चक्रें एवढ्यानेंच दहा लक्ष जुळण्या होतात. पण अडसराचा किंचित् दाब चक्रांवर पडत असे, व तबकडी फिरवितांना तो निष्णात हातास कळे. सार्जंटचा हात असा होता. दुसऱ्यांचीं कुलुपें उघडून दाखवावीं व आपलें विकावें, असा त्याचा धंदा; आणि आपल्या कुलुपांत त्यानें लोहचुंबकाची योजना केली ती हा दाब बाहेर कळूं नये म्हणूनच. १८६५ च्या सुमारास हॅल्बर्ट ग्रीनलीफ याच्या भागीदारींत त्यानें न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें कारखाना काढला.

कुलूप असें अभेद्य होत चाललें तेव्हां चोरांनीं त्याचा नाद सोडला आणि मोर्चा दुसरीकडे वळविला. रात्रीं तोंडें झांकून ते खजिनदाराच्या घरांत शिरूं लागले. बायकामुलांना बांधून टाकावें, कपाळाला पिस्तूल लावावें आणि आंकडे विचारावे. दहा लक्ष जुळण्यांचा सारा डौल एका घाबरलेल्या मनुष्याच्या जिभेवर येऊन थांबला. कुलूप जितकें उत्तम तितका त्या बिचाऱ्याच्या जिवाला धोका अधिक, अशी ही विपरीत स्थिति होती.

सार्जंटनें यावर १८७३ सालीं काढलेला तोडगा सांगावयास अगदीं सोपा आहे. तिजोरीच्या दाराच्या आंतल्या अंगास त्यानें घड्याळ बसविलें. सायंकाळीं दार लावण्यापूर्वीं किती तासांनीं उघडावयाचें तें त्यावर लावून ठेवावयाचें. तेवढे तास भरेपर्यंत घड्याळ अडसर सोडीत नाहीं, मग आंकडे बरोबर असोत वा नसोत. या यंत्रास बाहेरून भोंक नाहीं, दांडा नाहीं, किल्ली नाहीं. मध्यरात्रीं खजिनदाराजवळ सांगण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

कल्पना सर्वस्वीं त्याचीच होती असें मात्र नाहीं. स्कॉटलंडांतील जेडबरो येथील बँकेचा एक प्रतिनिधि विल्यम रदरफर्ड यानें १८३१ सालींच अशा कुलुपाचें पेटंट घेतलें होतें. पण तें प्रचारांत आलें नाहीं. त्याचें कारण उघड आहे. आपलीच तिजोरी आपल्या आज्ञेंत नाहीं, ही गोष्ट कोणत्या सावकाराला रुचेल? त्यांतून घड्याळ बंद पडलें तर सकाळीं गिऱ्हाइकें दारांत उभीं आणि द्रव्य आंत कोंडलेलें! म्हणून सार्जंटनें एकाऐवजीं दोन घड्याळें घातलीं, व त्यांपैकीं कोणतेंही एक चालू राहिलें तरी दार उघडेल अशी व्यवस्था केली. यंत्रशास्त्रदृष्ट्या ही बाब किरकोळ दिसेल. परंतु बँकवाल्यांचा विश्वास बसला तो या दुसऱ्या घड्याळामुळेंच, असें मला वाटतें. १८७४ सालीं इलिनॉय संस्थानांतील मॉरिसन या लहानशा गांवच्या बँकेनें हें कुलूप प्रथम बसविलें.

तरीही पुष्कळ बँका स्वस्थच होत्या. १८७६ च्या जानेवारींत मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दम्प्टन येथें सात बुरखेवाले दरोडेखोर बँकेचा खजिनदार जॉन व्हिटलसी याच्या घरांत शिरले, घरच्या सर्व मंडळींना त्यांनीं बांधलें व त्याचा छळ करून आंकडे काढून घेतले. रोखे व नाणें मिळून दहा लक्ष डॉलरांहून अधिक ऐवज गेला. यांतील मर्म निराळेंच आहे. तिजोऱ्यांच्या धंद्यांतील एक जाणता इसम चोरांना सामील होता. तिजोरीचे आंकडे आधीं एकट्या खजिनदाराजवळ नसत, ते वाटलेले असत. ते सर्व त्या एकाच्याच स्वाधीन करावे असा सल्ला याच गृहस्थानें बँकेला दिला होता! या दरोड्यानंतर मात्र घड्याळी कुलुपांना मागणी झपाट्यानें वाढली.

आपल्याकडील सरकारी खजिन्यांत व बँकांत दुहेरी कुलुपाची जी पद्धत आहे, एक किल्ली एका अधिकाऱ्याजवळ व दुसरी दुसऱ्याजवळ, तिच्या मुळाशीं हाच विचार आहे. फरक इतकाच कीं ती रहस्य दोघांत वांटते, आणि सार्जंटनें तें कोणाजवळच ठेविलें नाहीं.

चोर अर्थात् बसून राहिले नाहींत. कांहीं जण दाराच्या फटींत नायट्रोग्लिसरीन ओतून तें उडवूं लागले, व त्यास उत्तर म्हणून दारें अधिकाधिक जाड व घट्ट बसणारीं झालीं. दुसऱ्या कांहींनीं सरळ विचार केला कीं, तिजोरी जर दिवसाच उघडते तर आपणही दिवसाच जावें. भर कचेरींतल्या या दरोड्यांसाठीं पुढें त्याच घड्याळाला निराळें काम देण्यांत आलें: आंकडे बरोबर लाविले तरी दार उघडण्यापूर्वीं दहापंधरा मिनिटें जावींच लागतात. सार्जंट १९१० सालीं वारला. आज घड्याळाच्या जागीं विजेचें यंत्र आलें आहे; पण पाश्चात्त्य देशांतील कित्येक दुकानांच्या दारांवर आजही पाटी दिसते कीं, येथील नोकरांना तिजोरी उघडतां येत नाहीं. ती पाटी चोरांसाठीं लिहिलेली असते, आणि तिच्यामागें उभ्या असलेल्या नोकराच्या रक्षणासाठीं.