राजपुरीचा धक्का आणि आमची खडकी

आमच्या संभाजीनगरला समुद्र नाही. त्यामुळे तीन दिवस सुट्टी जोडून आली की आम्ही मराठवाड्याची मंडळी कोकणाकडे धाव घेतो. या वेळी चौघे मित्र रात्री निघालो, ते पुणे, ताम्हिणी करत सकाळी मुरूडला. हेतू एकच: मासे आणि समुद्र. पण राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो आणि डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं.

जंजिरा म्हणजे बेट. मूळ शब्द अरबी, 'जझीरा'. किल्ला सिद्द्यांचा. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. आता आमचं गाव कोणी वसवलं? मलिक अंबरने. तोही हबशी! गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली आणि नहर बांधून गावात पाणी खेळवलं. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने खडकीचं औरंगाबाद केलं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं.

आणि ज्यांचं नाव गावाला मिळालं ते संभाजीराजे १६८२ मध्ये याच किनाऱ्यावर वेढा घालून बसले होते. सिद्दी तेव्हा मोगलांचा चाकर, कोकणातल्या रयतेला लुटणारा. तोफांनी काम होईना, तेव्हा राजांनी समुद्रात दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला. पण मोगल फौज कल्याणकडे उतरली. वेढा दादजी रघुनाथांवर सोपवून राजांना परतावं लागलं. त्याच वर्षी खुद्द औरंगजेब औरंगाबादेत दाखल झाला होता!

खोटं कशाला बोलू, होडीत मी मनाने राजांच्याच बाजूला होतो. तो सेतू पुरा व्हायला हवा होता असं अजूनही वाटतं. पण किल्ल्यात शिरलो, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचा भलामोठा तलाव पाहिला आणि आमची नहर आठवली. मग वाटलं, मलिक अंबर कुठल्या बाजूचा? तो तर जन्मभर मोगलांशीच लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, म्हणजे संभाजीराजांचे सख्खे आजोबा! एक हबशी मोगलांचा वैरी, दुसरा मोगलांचा चाकर. रक्तावरून बाजू ठरवायला गेलं तर इथे हिशोबच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या फणसाडच्या जंगलात गेलो. जंजिऱ्याच्या नवाबांनी ते शिकारीसाठी राखलेलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. एका शेकरूने या फांदीवरून त्या फांदीवर अशी काही उडी मारली की आम्ही बघतच राहिलो. शिकारीसाठी राखलेल्या जंगलात आता तो निर्धास्त आहे. उलट मोगलांशी झुंजणाऱ्याने वसवलेली खडकी मोगलांचीच दख्खनची राजधानी झाली. करणाऱ्याच्या मनात काय होतं, याला काळ फारसं विचारत नाही.

असो. परतताना पहाटे गावाच्या पाटीवर गाडीचा उजेड पडला. पाटीवर संभाजीराजांचं नाव, खाली जमिनीत मलिक अंबरची नहर. दोघेही मोगलांशी झुंजले. आमच्या गावाची ही ओळख मला आधी कळायला हवी होती. त्यासाठी समुद्रापर्यंत जावं लागलं!