जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींचे पुनरुज्जीवन

जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींचे पुनरुज्जीवन म्हणजे म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा व येझदी या दुचाकी दुरुस्त करून पुन्हा मूळ स्वरूपात आणि चालत्या स्थितीत आणणे होय. यात यांत्रिक दुरुस्तीबरोबरच सुट्या भागांची जुळवाजुळव, नोंदणीची कागदपत्रे, इंधनाची निवड आणि गाडीच्या मूळपणाचे जतन या बाबींचा समावेश होतो. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर यांसारख्या शहरांबरोबरच सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातही या गाड्या पूर्वी वापरात होत्या.

कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरील लांब प्रवासासाठी खास बनवलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' मोटारसायकलींचा प्रकार जगात १९८० मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीपासून रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. भारतात त्या काळी असा वेगळा प्रकार उपलब्ध नव्हता. घाट, शेतरस्ते आणि दूरचा प्रवास ही कामे येझदी, एनफिल्ड बुलेट आणि राजदूत याच गाड्या करीत. त्यामुळे भारतीय संदर्भात अभिजात साहसी मोटारसायकल म्हणून येझदीचा, विशेषतः येझदी रोडकिंगचा, उल्लेख केला जातो.

## पार्श्वभूमी

जावा हा मूळचा चेकोस्लोव्हाकियातील उद्योग. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल निर्मितीचे हक्क घेतले. यानेचेक व वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. भारतात रुस्तम इराणी व फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनी उभारली आणि १९६१ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. १९७० च्या दशकात जावाबरोबरचा परवाना करार संपल्यानंतर याच कारखान्यातील गाड्या 'येझदी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. हे नाव इराणमधील यझ्द शहराशी निगडित आहे.

येझदी रोडकिंग हे कंपनीचे सर्वाधिक परिचित प्रारूप १९७८ मध्ये आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसी गाड्या बाजारात आल्या. त्या वजनाने हलक्या असून त्यांतील चार-स्ट्रोक गाड्या इंधनाची मोठी बचत करीत. त्यांच्या स्पर्धेमुळे येझदीची मागणी घटली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मूळ उत्पादकाकडून सुटे भाग मिळण्याचा मार्ग त्याबरोबरच खुंटला. पुनरुज्जीवनातील बहुतेक अडचणींचे मूळ या घटनेत आहे.

२०१८ मध्ये क्लासिक लेजंड्स या कंपनीने जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आणली. २०२२ च्या गाड्यांमध्ये 'येझदी अ‍ॅडव्हेंचर' या प्रारूपाचाही समावेश होता. मात्र या नव्या गाड्यांची इंजिने चार-स्ट्रोक व द्रवशीतित असल्याने त्यांच्या इंजिनाचे भाग जुन्या गाड्यांना बसत नाहीत.

## यांत्रिक वैशिष्ट्ये

जावा २५० व येझदी रोडकिंग या दोन्ही गाड्यांत सुमारे २४८ सीसी क्षमतेचे, एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे दोन-स्ट्रोक इंजिन असते. सिलिंडर एकच असला तरी त्यातून धूर बाहेर पडण्यास दोन वाटा असल्याने गाडीला दोन्ही बाजूंस सायलेन्सर असतात. रोडकिंगची शक्ती सुमारे १६ अश्वशक्ती होती. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असणे हे या गाड्यांचे ठळक वैशिष्ट्य होय: दांडा आत दाबून वर फिरवला की तो किक बनतो आणि किक मारून झाल्यावर पुन्हा गिअरच्या जागी आणला जातो. मागील साखळी पूर्णपणे झाकलेली असल्याने धूळ व चिखल यांपासून तिचे संरक्षण होते.

दोन-स्ट्रोक इंजिनात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. क्रँकच्या पेटीत स्वतंत्र तेलसाठा नसतो. मिश्रणातून येणारे तेलच पिस्टन, रिंगा व बेअरिंगे यांना वंगण पुरवते. या इंजिनाचे बहुतेक दोष या व्यवस्थेशी संबंधित असतात.

## पुनरुज्जीवनाची प्रक्रिया

### गाडीची तपासणी

गाडी घेताना सर्वप्रथम सांगाड्यावरील व इंजिनावरील कोरलेले क्रमांक नोंदणी पुस्तकाशी पडताळले जातात. रंग, आसन किंवा दिवा नंतर मिळवता येतो. क्रमांक न जुळणारी गाडी मात्र यांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही रस्त्यावर कायदेशीरपणे आणता येत नाही. सांगाडा रंगवताना हे क्रमांक लांबी किंवा पावडर कोटिंगखाली बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

### इंजिन

अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारणे टाळले जाते. गंजलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असल्यास त्या तुटण्याची शक्यता असते. प्लग काढून आत थोडे तेल सोडतात व इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहतात. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला जातो. प्रत्येक बोअरिंगमध्ये सिलिंडरची भिंत पातळ होते व पुढील दुरुस्तीची संधी कमी होते. म्हणून आवश्यक तेवढेच सर्वांत कमी माप वाढवणे इष्ट असते.

क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हे दुर्लक्षित राहणारे परंतु निर्णायक भाग आहेत. गिअरपेटीच्या बाजूचे सील कडक होऊन गळू लागले, तर गिअरचे तेल इंजिनात ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघतो. दुसऱ्या बाजूच्या सीलमधून हवा आत शिरली, तर पेट्रोल-तेलाचे मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते व पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. नवा पिस्टन बसवूनही इंजिन पुन्हा जाम होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलायचे असल्यास क्रँक दाबयंत्रावर उघडून पुन्हा जोडावा लागतो आणि डायल गेजच्या साहाय्याने त्याची सरळता तपासावी लागते. सायलेन्सरमधील जाळी कार्बनने चोंदली असल्यास इंजिनाची ओढ कमी होते. ती काढून साफ करता येते.

### विद्युत यंत्रणा

जुन्या जावात ६ व्होल्टची यंत्रणा असते. ठिणगी देणारे पॉइंट झिजले किंवा त्यांतील अंतर बदलले, तर गाडी सुरू होत नाही अथवा चालताना अडखळते. हे अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवले जाते. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी ठिणगी किती आधी पडावी, हे मिलिमीटरमध्ये मोजून ठरवतात. काही मालक दिव्यांचा उजेड वाढावा म्हणून १२ व्होल्टची यंत्रणा व इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवतात. रोजच्या वापरासाठी हा बदल सोयीचा असला, तरी त्यामुळे गाडीचे मूळपण कमी होते.

### टाकी, मुलामा व रंग

पेट्रोल टाकीतील गंज हा कार्बोरेटर चोंदण्याचे प्रमुख कारण आहे. टाकी आतून साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा धुतला, तरी दोष परत येतो. जुन्या जावाच्या टाकीवर क्रोमचा मुलामा व त्याच्या कडेने सोनेरी रेषा असत. नवा मुलामा चढवण्यासाठी पत्रा घासून गुळगुळीत करावा लागतो. गंजाने पातळ झालेल्या पत्र्याला यात भोके पडू शकतात.

## सातारा-सांगली परिसर

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील नगरपरिषद असलेले गाव पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. अशा गावांतील मालकांना इंजिनाच्या अवजड कामासाठी सातारा, कऱ्हाड, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागते. या पट्ट्यात यंत्रकामाची जुनी परंपरा आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे १९१० मध्ये किर्लोस्करांचा कारखाना सुरू झाला, तर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिने, ओतकाम व लेथकाम यांसाठी प्रसिद्ध झाले. शेतीच्या ऑइल इंजिनाचा सिलिंडर बोअर करणे, क्रँक सरळ करणे, बुश वळवून देणे ही कौशल्ये मोटारसायकलीच्या इंजिनालाही उपयोगी पडतात. बाजारात न मिळणारा छोटा भाग नमुन्यावरून लेथवर करून घेणे त्यामुळे शक्य होते.

परिसराचा भूगोलही या गाड्यांची परीक्षा पाहणारा आहे. कोरेगाव तालुक्याचा भाग तुलनेने कोरडा आहे; पश्चिमेकडे सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर अतिवृष्टीचे ठिकाण आहे. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली यांसारख्या घाटांत चढावर दोन-स्ट्रोक इंजिन तापते. उतारावरचा धोका वेगळा असतो. थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये उतरवत राहिल्यास इंजिन वेगाने फिरत असते, पण पेट्रोलबरोबर येणारे तेल जवळजवळ थांबलेले असते. त्यामुळे लांब उतारावर अधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिनाला तेल द्यावे लागते. या गाड्यांना ड्रम ब्रेक असतात. सतत दाबून ठेवल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते.

## इंधन

भारतात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि त्यानंतर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्वत्र आले. सातारा व सांगली जिल्ह्यांतील उसावर चालणारे साखर कारखाने इथेनॉलच्या निर्मितीत सहभागी आहेत. जुन्या मोटारसायकलींची रचना मात्र अशा इंधनासाठी झालेली नव्हती. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास टाकीत पाणी साचून गंज धरतो. जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉलमिश्रित इंधनाला जळण्यासाठी कमी हवा लागते, म्हणून कार्बोरेटरचे जेट पूर्वीचेच ठेवल्यास मिश्रण विरळ होते. यावर उपाय म्हणून इथेनॉलरोधक नळ्या वापरणे, जेट बदलणे आणि गाडी अनेक आठवडे उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटर रिकामा करणे हे मार्ग अवलंबले जातात.

## कायदेशीर बाबी

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडीची प्रत्यक्ष तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो. विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही आवश्यक असते. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींसाठी धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. १९८९ पूर्वी महाराष्ट्रात नोंदलेल्या गाड्यांवर 'एमएच ११' (सातारा) किंवा 'एमएच १०' (सांगली) यांऐवजी 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरी मालिका आढळते. अशा गाडीची नोंद संगणकीय प्रणालीत नसल्यास हस्तांतरणापूर्वी ती मूळ नोंदवहीवरून चढवून घ्यावी लागते. मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या संमतीची कागदपत्रे लागतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यांत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून ही नोंदणी १० वर्षे वैध असते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित वापरास मनाई आहे. या निकषाने १९६० च्या दशकातील जावा पात्र ठरू शकतात, तर १९७८ मध्ये नोंदलेली रोडकिंग २०२८ पासून पात्र होऊ शकेल.

## मूळपणाचा प्रश्न

विंटेज नियमांमुळे मालकापुढे दोन पर्याय उभे राहतात. विंटेज दर्जा घेतल्यास गाडीचे ऐतिहासिक मूल्य अधिकृतपणे मान्य होते, पण ती रोजच्या प्रवासाला वापरता येत नाही. सामान्य नोंदणी कायम ठेवल्यास गाडी नियमित चालवता येते, मात्र दर ५ वर्षांनी तपासणीस सामोरे जावे लागते. अतिउत्साहाने केलेले पुनरुज्जीवनही नुकसानकारक ठरू शकते: दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवल्यास किंवा सांगाड्यात बदल केल्यास विंटेज दर्जाची पात्रता जाऊ शकते. या कारणाने अनेक जाणकार मूळ रंग टिकून असल्यास तो फिका असला तरी राखण्याचा, काढलेले मूळ भाग जपून ठेवण्याचा आणि पूर्वपदावर आणता येतील असेच बदल करण्याचा सल्ला देतात.

भागांइतकीच जुन्या मिस्त्रींची माहितीही दुर्मीळ होत आहे. या गाड्यांवर हात बसलेली पिढी वयस्क झाली असून, आवाजावरून दोष ओळखण्यासारखे ज्ञान बहुतांशी लिखित स्वरूपात नाही. मालकांच्या संघटना माहितीपुस्तिका, सुटे भाग व कारागिरांचे पत्ते यांची देवाणघेवाण करून ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय जावा दिनी पुण्यासह अनेक शहरांत हे मालक आपल्या गाड्या घेऊन एकत्र येतात.

## हेही पाहा

* येझदी
* रॉयल एनफिल्ड बुलेट
* राजदूत (मोटारसायकल)
* दोन-स्ट्रोक इंजिन
* रहिमतपूर