वकिलाची फी आणि कायद्याचं पुस्तक

चवदार तळ्याचा दावा १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने लागला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या अमलात, सरकारी भाषा उर्दू. आमच्या वाडवडिलांना कोर्टाचा कागद कोण वाचून दाखवणार?

१९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाला. कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस, कोणतीही स्त्री, गिरणी-कारखान्यातला कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राने १९९० सालीच त्या यादीत धरलं, म्हणजे आपणही आलो. पण लोक आधी सावकाराकडे जातात.

ग्रंथपाल वकील नव्हे, त्याने सल्ला देऊ नये. मराठीतला कायदा हातात द्यावा, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. लिहिता येत नसलं तरी अर्ज तिथे लिहून घेतात. आमच्या विहाराच्या कपाटात त्या पुस्तकाला जागा आहे.