मागाचे भांडवल

पारशिवनीहून पूर्वेस रामटेक लागते. त्यापलीकडे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगाव, तर नागपूरच्या आग्नेयेस उमरेड. या टापूतील कोष्टी विणकरांनी घडविलेली करवती काठाची साडी पाहिली म्हणजे मन थक्क होते. अंग टसराचे, काठ सुती, त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. आणि अंगासाठी एक व दोन्ही काठांसाठी दोन असे तीन धोटे. ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या कोषांतून हे टसर येते. अशी कला असूनही विणकर दरिद्री का राहिला? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या उधारीच्या वहीत शोधावे लागते.

पूर्वी सूत गावातच कातले जाई. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत एकसारखे व स्वस्त होते, विणकराने ते आनंदाने स्वीकारले. परंतु ते रोख पैसे देऊन घ्यावे लागे. साडी विणून विकली जाईपर्यंत घर चालवायचे कसे? तेव्हा व्यापारी पुढे आला. त्याने सूत उधार दिले आणि कापड आपल्या भावाने घेतले. माग विणकराचा राहिला, भाव मात्र दुसऱ्याच्या हाती गेला.

जर्मनीत रायफायझन यांनी शेतकऱ्यांसाठी परस्पर जबाबदारीच्या पतपेढ्या काढल्या होत्या. त्याच धर्तीवर १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९०९ साली येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी छोटा नागपुरात कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापून आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्याचा मार्ग दाखविला. केवळ कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता असलेला कायदा १९१२ मध्ये विस्तारला आणि सूत खरेदी व कापड विक्री करणाऱ्या विणकर संस्थांनाही त्यात स्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, गिरणीच्या कापडावर उपकर बसवून त्यातून खादी व हातमागासाठी निधी उभारण्यात आला. १९७१ साली महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. १९७६ पासून जनता कापड योजनेखाली विणकराला सूत मिळू लागले, मजुरी मिळू लागली, तयार मालास ग्राहकही मिळाला. पोट भरले, पण स्वस्त, जाड कापड विणताना नाजूक काठाचा हात मोडला. नव्वदच्या दशकात योजना आवरती घेतली गेली, तेव्हा हाती ना काम उरले, ना जुनी कला.

करवती साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विणकर मुद्रा योजनेत ६ टक्के व्याजाने कर्जाची तरतूदही झाली. परंतु इतिहासाचा बोध एवढाच की, केवळ कर्ज किंवा केवळ अनुदान विणकराला सावरत नाही. योग्य भावाचे सूत, साडी विकली जाईपर्यंत धीर धरता येईल इतके खेळते भांडवल आणि कामाची कदर करणारा ग्राहक, ही तिन्ही एकत्र आली तरच माग चालतो.

पैकी पहिल्या दोन गोष्टी संस्थांनी पाहायच्या. तिसरी आपल्या घरात आहे. लग्नकार्यासाठी साडी घेताना विणकराने मागितलेल्या किमतीवर घासाघीस करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. तिच्या तीन धोट्यांमागे त्याचे किती दिवस गेले, हे आठवावे.