विद्युतवाहिनी भूमिगत की खांबांवरून? : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा इतिहास प्रामुख्याने वीजनिर्मितीच्या अंगाने मांडला जातो. ती वीज ग्राहकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असून प्रस्तुत लेखात त्याचा खानदेशापुरता विचार केला आहे.

मुंबईत दोन्ही मार्ग आरंभापासून दिसतात. 1905 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीच्या शहरातील वितरणाची घडण भूमिगत केबलवर झाली. तर 1915 मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून वीज मुंबईस आली ती मनोऱ्यांवरील तारांतून. दाट वस्तीत चर खोदण्याचा खर्च असंख्य ग्राहकांमध्ये विभागला जातो, घाटमार्गावर तो विभागण्यास कोणीच नसते. शिवाय उघड्या तारेस हवाच रोधक असते आणि तीच तिला थंडही ठेवते. पुरलेल्या केबलसाठी या दोन्ही गोष्टींची तजवीज पैसे मोजून करावी लागते.

खानदेशातील स्थिती :
20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि 1968 मध्ये भुसावळजवळील औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. मात्र येथील ग्रामीण ग्राहक म्हणजे मुख्यतः विहिरीवरील पंप. रावेर-यावलच्या केळीबागांना बारमाही पाणी लागते आणि प्रत्येक पंप दुसऱ्यापासून दूर असतो. अशा ठिकाणी खांब उभारणे अपरिहार्यच होते. त्यातच तापीखोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे केबलच्या जोडांवर ताण येतो. खांबावरील बिघाड लाइनमनला खालून दिसतो, जमिनीखालचा मात्र उपकरणाने शोधून, पुन्हा खोदून दुरुस्त करावा लागतो.

तथापि ही मांडणी अपुरी आहे. मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते, तेव्हा खांबही कोसळतात. ओल्या शेतात पडलेली जिवंत तार पीक पाहावयास गेलेल्या शेतकऱ्याचा किंवा त्याच्या बैलाचा जीव घेते. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही किंमत धरली जात नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण तुलनेतील खरी उणीव हीच होय. कोकणात चक्रीवादळाचा धोका मान्य झाल्यावर अलिबागसारख्या शहरात वाहिन्या भूमिगत करण्याचे काम हाती घेण्यात आले. केळीपट्ट्यातील वाऱ्याला असे भारदस्त नाव नाही, एवढेच.

या दोन टोकांमध्ये एक पर्याय आहे : त्याच खांबांवरून नेलेली, रोधक आवरण असलेल्या तारांची पिळलेली केबल. तिचा पुरस्कार मुख्यतः आकडे टाकून होणारी वीजचोरी रोखण्यासाठी झाला. माणसांचे संरक्षण हा तिचा आनुषंगिक लाभ ठरला. जळगाव व धुळे शहरांच्या दाट बाजारपेठांत भूमिगत वाहिनीचा खर्च समर्थनीय आहे. शिवारात मात्र रोहित्रापासून पंपापर्यंतच्या लघुदाब वाहिनीस ही केबल वापरणे अधिक व्यवहार्य असून, त्याची सुरुवात विहिरी व पायवाटांवरून जाणाऱ्या तारांपासून व्हावयास हवी.