फोटोत नसलेले आई-बाप

आमचे दादा 1979 साली गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीला लावायला त्यांचा फोटो हवा होता. ट्रंकेतला सगळा ढीग जमिनीवर पसरला. आम्हा भावंडांचे फोटो होते, चाळीतल्या जयंतीचे होते, नव्या सुनांचे होते, शेजाऱ्यांच्या बकरीचासुद्धा एक होता. दादा एकातही नव्हते. सारे फोटो त्यांनीच काढलेले. एकात मात्र आमच्या पायांशी त्यांची सावली पडलेली सापडली. ऊन पाठीशी ठेवून फोटो काढावा, हा डबा-कॅमेऱ्याचा नियम. तो ते कसोशीने पाळत. शेवटी गिरणीच्या पासावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला. फोटोवाल्याने न विचारता त्यांना कोट-टाय रंगवला. जन्मभर सूतखात्यात उभा राहिलेला माणूस भिंतीवर वकिलासारखा दिसू लागला.

पुढे मी या गोष्टीचा इतिहास शोधू लागलो. फोटोचे तंत्र 1839 साली जगापुढे आले. त्यानंतर कित्येक वर्षे फोटो म्हणजे स्टुडिओ. तिथे कॅमेरा परक्याच्या हाती, म्हणून घरचा कर्ता हमखास मधल्या खुर्चीत. 1888 साली कोडॅकने गुंडाळीच्या फिल्मचा सोपा कॅमेरा विकायला काढला, आणि घरचाच माणूस फोटो काढू लागला. कॅमेरा घरात आला आणि बाप फोटोतून बाहेर गेला. आईची कथा त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फोटो उमटायला काही सेकंद लागत, तान्हे मूल तेवढे स्थिर राहत नसे. तेव्हा युरोपातल्या स्टुडिओत आईला पडद्याच्या कापडाने झाकून खुर्चीसारखे बसवीत आणि मूल तिच्या मांडीवर ठेवीत. फोटो मुलाचा, आई कापडाखाली.

हे झाले ज्यांना स्टुडिओची पायरी चढता येत होती त्यांचे. आपली माणसे कॅमेऱ्यासमोर आली ती निराळ्या वाटेने. विल्यम जॉन्सनने मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 साली काढले. त्यात माणसे एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडलेला. सत्तावनच्या उठावानंतर सरकारलाही प्रजा ओळखून घ्यायची होती. ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड 1868 ते 1875 या काळात निघाले. या ग्रंथांत माणूस उभा आहे तो जातीचा नमुना म्हणून. कुणाचा बाप, कुणाची माय, याची पुसतपास नाही.

म्हणून फेब्रुवारी 1934 मधला राजगृहातला तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहतो. आपण सर्वांनीच तो पाहिला आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पुढे कुत्रा टॉबी. परिषदांचे, मोर्चांचे बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. इथे ते बाप म्हणून बसले आहेत. चार लेकरे त्याआधीच गेली होती. पंधरा महिन्यांनी, 27 मे 1935 रोजी, रमाबाईही गेल्या. त्या दिवशी कुणीतरी दुसऱ्याने कळ दाबली, म्हणून हे कुटुंब एकत्र राहिले.

दादांजवळ अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता, चोरबाजारातून घेतलेला. एका रोलात बारा फोटो. ते इतके जपून काढत की दिवाळीचा रोल जयंतीला संपे. कळ आपोआप दाबणारी घड्याळाची चावी महागड्या कॅमेऱ्यांना असे. आमच्या डब्याला कुठली! शेजारच्या पोराच्या हाती कॅमेरा देता आला असता. मी एकदा म्हणालोही, “दादा, तुम्ही बी उभं राहा की.” ते म्हणाले, “एक फोटो वाया जाईल रे.” त्या फोटोच्या किमतीत बाप आला असता, हे त्यांना कोण सांगणार?

आज मोबाइलमुळे रोलाचा हिशेब उरला नाही. तरी मोर्चाचे, शिबिराचे फोटो कार्यकर्ते दाखवतात तेव्हा मी विचारतो, हा काढला कोणी? बहुधा सांगता येत नाही. आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाया? त्याही नाहीत. माझे म्हणणे एवढेच की कॅमेरा हातोहात फिरू द्यावा, पोरांनाही द्यावा, डोकी छाटली गेली तरी चालतील. आणि मागे नावे लिहावीत. जॉन्सनच्या फोटोंखाली जात तरी लिहिलेली आहे. आपल्या ट्रंकेतल्या फोटोंमागे काहीच नाही.

माझी धाकटी बहीण दीड वर्षाची होऊन गेली. तिचा एकच फोटो आहे. ती पाटावर बसली आहे, आणि कडेने काचेच्या बांगड्यांचा एक हात तिला धरून आहे. बाकी काही दिसत नाही. परवा तो फोटो उलटा करून मी बहिणीचे नाव लिहिले, साल लिहिले, खाली लिहिले: हात आयेचा. फोटो दादांनी काढला.