बेळगावचा माल आणि समुद्राची वाट

मुरगाव आणि न्हावाशेवा ही नावे व्यवहारात येण्यापूर्वी बेळगावकरांचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली. १८१२ मध्ये ते सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. घाटावरचे धान्य आणि कापूस रामघाटाने, पुढे आंबोलीच्या वाटेने खाली उतरे. परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी. आधी लमाणांच्या बैलांच्या पाठीवर गोणी, गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्या. हल्ली अशा वाहतुकीला पर्यावरणस्नेही म्हणण्याची पद्धत आहे. तोंडाला फेस येईतो घाट चढणाऱ्या त्या जनावरांचा विचार केला म्हणजे आम्हांला ते विशेषण वापरवत नाही. शिवाय पावसाळ्यात बंदर बंद राही, आणि माल पेठेतच अडकून पडे.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मुरगावचे बंदर आणि त्याला जोडणारी रेल्वे यांचा पाया घातला. दूधसागरच्या अंगावरून कॅसलरॉकला चढणारा लोहमार्ग १८८८ मध्ये खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लागत. इकडे सदर्न मराठा रेल्वेने लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी साखळी जोडली, आणि वेंगुर्ल्याची पेठ ओसरू लागली. मुरगावलाही अपेक्षेइतका माल लाभला नाहीच. तो तहदेखील १८९२ मध्ये संपुष्टात आला.

या इतिहासात रुळांच्या रुंदीकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपला मार्ग मीटरगेज, पुण्यापुढचा ब्रॉडगेज. खासबाग-वडगावच्या मागांसाठी मुंबईकडून रेल्वेने येणारे गिरणीचे सूत असो की इकडून जाणारा गूळ, प्रत्येक नग हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जायचा. फूटतूट, गहाळी आणि दिरंगाई ठरलेलीच. पुढे ही सीमा मिरजेला सरकली आणि १९९० च्या दशकात पुसली गेली. पण तोवर ट्रक दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. १९५६ मध्ये अमेरिकेत कंटेनरच्या वाहतुकीला आरंभ झाला तो नेमका हाच चढउतार टाळण्यासाठी: खोका एकदा बंद केला की ट्रक, रेल्वे, जहाज कशावरही चढावा. न्हावाशेवा १९८९ मध्ये सुरू झाले. तरी उद्यमबागेतील फौंड्र्यांचे खोके बहुधा रस्त्यानेच तिकडे जातात.

टनामागे रेल्वेला ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागते, हे निर्विवाद. मात्र सर्वच लोहमार्ग त्यामुळे निर्दोष ठरत नाहीत. कॅसलरॉक ते कुळे या घाटमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तेथे मोले येथील अभयारण्याचा प्रश्न होता. मुरगावात खनिज व कोळसाच मुख्य असताना, त्या जंगलाची किंमत आपल्या कंटेनरांच्या नावावर मांडणे आम्हांला पटत नाही. मुरगावचे अंतरही थोडे; तेवढ्यासाठी खोका दोनदा उचलण्याचा खर्च रेल्वेने निघणे कठीण.

न्हावाशेव्याचे तसे नाही. सुमारे पाचशे किलोमीटरच्या पल्ल्यात रेल्वेचा फायदा दिसू लागतो. अडचण दुसरीच आहे: एका कारखान्याच्या मालाने गाडी भरत नाही, आणि अर्धी रिकामी गाडी कोणालाच परवडत नाही. लमाणांचा तांडा वाटेवरच्या गावांतून दहा-वीस गोणी उचलत पुढे जाई. बेळगावचे ओतीव भाग, निपाणीची तंबाखू आणि कोल्हापूरचा गूळ एका ठरल्या दिवशी, एका गाडीत कोण गोळा करणार? व्यापाऱ्यांच्या संघटनांनी रेल्वेच्या दारी जायचे ते हा प्रश्न घेऊन. दुसरा रूळ मागायला नव्हे.